डब्ल्यूटीओच्या परिषदेत विकसनशील देशांना नक्की काय मिळालं हे कसं ओळखायचं

साधारण दर दोन वर्षांनी डब्ल्यूटीओची, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेची, मंत्रिस्तरीय परिषद भरते आणि आपल्याकडे दोनच प्रकारच्या बातम्या येतात. एकतर 'ऐतिहासिक करार, भारताचा विजय' नाहीतर 'चर्चा फिसकटली, भारत आडवा आला'. मग दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर घमासान होतं आणि विषय संपतो, पण त्या कागदात कापसाबद्दल, ऊसाबद्दल, कोकणातल्या मच्छीमाराच्या डिझेलबद्दल काय लिहिलंय ते फारसं कोणी उघडून बघत नाही. वास्तविक हे कागद फुकट मिळतात, भाषा किचकट असली तरी चार-पाच गोष्टी ठाऊक असल्या की तासाभरात कळतं कोणाच्या पदरात काय पडलं. स्पर्धा परीक्षा देणारे, शेतकरी कंपनी किंवा मच्छीमार सोसायटीत काम करणारे, नवीन पत्रकार, या सगळ्यांसाठी लिहितोय. थोडं लांबलंय, पण हा विषय दोन ओळीत उरकला की नेहमी चुकीचाच कळतो.

आधी निर्णय कसा होतो ते बघा

डब्ल्यूटीओत आज 166 सदस्य आहेत आणि तिथे मतदान होत नाही, सहमतीने निर्णय होतो. आता सहमती म्हणजे सगळ्यांनी हो म्हणणं नाही बरं का, निर्णयाच्या वेळी जे हजर आहेत त्यातल्या कोणीही उघड हरकत घेतली नाही की झाली सहमती. म्हणजे कागदावर आफ्रिकेतला छोटा बेनिन आणि अमेरिका सारखेच, दोघांकडेही नाही म्हणायचा अधिकार. पण हा अधिकार वापरायला माणूस खोलीत असावा लागतो आणि नाही म्हटल्यावर जो दबाव येतो तो झेलायची ताकद असावी लागते. गरीब देशांचं जिनिव्हातलं कार्यालय दोन-चार माणसांचं असतं, काहींचं तर तिथे कार्यालयच नाही, आणि एकाच दिवशी शेती, मासेमारी, औषधं, ई-कॉमर्स अशा चार खोल्यांत बैठका चालू असतात. त्यात खरी घासाघीस होते ती ग्रीन रूममध्ये, म्हणजे महासंचालक निवडक वीस-तीस देशांना बोलावून जी बैठक घेतात तिथे, बाकीच्यांना नंतर तयार मसुदा दाखवतात.

आणि परिषदा वेळेत संपत नाहीत. जून 2022 ची जिनिव्हा परिषद 15 तारखेला संपायची होती, संपली 17 ला पहाटे. अबू धाबीची 29 फेब्रुवारी 2024 ला संपायची, ती मार्चमध्ये गेली. शेवटच्या रात्री मसुद्याची नवी आवृत्ती येते, लहान देशाच्या मंत्र्याचं विमान निघायची वेळ झालेली असते, सोबत वकिलांची फौज नसते. त्यामुळे बातमीत 'सर्वसहमतीने' असं वाचलं की एवढंच समजायचं की कोणी थांबवलं नाही, सगळे खूश आहेत असा त्याचा अर्थ नाही.

याची दुसरी बाजूही धरून ठेवा. एखाद्या देशाने अडवलं म्हणजे त्याने घोळ घातला असं गृहीत धरू नका. 2003 मध्ये कान्कुनला अमेरिका आणि युरोपने शेतीचा मसुदा आपापसात ठरवून आणला, तेव्हा ब्राझील, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका वगैरेंनी जी-20 गट उभा केला आणि परिषद मोडली. तेव्हाची टीका आठवणाऱ्यांना आठवत असेल, पण ती मोडली नसती तर पुढच्या कुठल्याही मसुद्यात विकसनशील देशांच्या मागण्या आल्याच नसत्या. हा जी-20 म्हणजे 2023 मध्ये दिल्लीत शिखर परिषद झाली तो नव्हे, गल्लत करू नका.

खेळ सुरू व्हायच्या आधीच पट्टी कुठे आखली गेली

हे समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही म्हणून थोडं मागे जाऊ. व्यापार वाटाघाटींची उरुग्वे फेरी 1986 ला सुरू झाली, 1994 मध्ये मराकेशला सह्या झाल्या आणि 1 जानेवारी 1995 पासून डब्ल्यूटीओ आली. आपल्याकडे तेव्हा 'डंकेल प्रस्ताव' (याच कराराचा मसुदा) हा शब्द गावोगावी पोचला होता, शरद जोशींनी त्याला पाठिंबा दिला होता कारण सरकारच शेतमालाचे भाव पाडतं असं त्यांचं म्हणणं होतं, तर देशातल्या टिकैत-नंजुंडस्वामींसारख्या शेतकरी नेत्यांचा कडाडून विरोध होता. दोन्ही बाजूंचं वाचण्यासारखं आहे.

त्या करारात झालं असं की ज्या देशांनी तोपर्यंत शेतीला भरपूर सबसिडी दिली होती त्यांना ती थोडी कापून पुढे चालू ठेवायचा हक्क मिळाला. अमेरिकेला वर्षाला 19.1 अब्ज डॉलर, युरोपला तर त्याच्या कितीतरी पट. ज्यांच्याकडे तेव्हा द्यायला पैसेच नव्हते त्या भारतासारख्या देशांना असा हक्क शून्य. आपल्याला फक्त एक सवलत, एखाद्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंत आधार चालेल. श्रीमंत देशांना हीच सवलत 5 टक्के, म्हणून वरवर बघणाऱ्याला वाटतं आपल्याला दुप्पट मिळालं, पण त्यांच्याकडे 5 टक्क्यांच्या वर तो अब्जावधीचा हक्क आहे आणि तो एखाद-दुसऱ्या पिकावर ओतायचीही मुभा आहे. म्हणून कोणी 'विकसनशील देशांना जास्त सूट असते' म्हणालं की लगेच विचारायचं, सूट कशाच्या तुलनेत?

मसुद्यातली क्रियापदं आणि तारखा

आता प्रत्यक्ष कागद. डब्ल्यूटीओच्या साइटवर डॉक्युमेंट्स ऑनलाइन म्हणून विभाग आहे, परिषदेच्या निर्णयांना डब्ल्यूटी/एमआयएन आणि पुढे वर्ष असा नंबर असतो. उघडला की आधी पूर्ण वाचत बसू नका, फक्त तीन गोष्टींवर पेन्सिल फिरवा.

एक, क्रियापद. 'शॅल' असेल तर बंधन आहे आणि त्यावर केस होऊ शकते. 'शुड', 'एंडेव्हर टू', 'टेक नोट', 'इन्स्ट्रक्ट द कमिटी टू कंटिन्यू' असेल तर ती सदिच्छा आहे. विकसनशील देशांसाठीच्या विशेष सवलतींची कलमं दीडशेच्या वर आहेत पण त्यातली बरीच या दुसऱ्या प्रकारची, म्हणून तर ती कलमं 'नेमकी, परिणामकारक आणि अंमलात येण्यासारखी' करा असं 2001 च्या दोहा जाहीरनाम्यातच लिहिलंय. एवढी वर्षं झाली, आफ्रिकी आणि इतर गरीब देशांचा जी-90 गट अजून त्याच मागणीवर आहे.

दोन, तारीख. अमुक दिवसापर्यंत असं लिहिलंय का, आणि ती तारीख चुकली तर काय होणार हे लिहिलंय का. पहिलं बऱ्याचदा असतं, दुसरं जवळपास कधीच नसतं.

तीन, चौकटी कंस. मसुद्यात जे शब्द चौकटी कंसात असतात त्यावर वाद चालू आहे असं समजायचं. परिषदेच्या आधी आठवडाभर मसुदा सेव्ह करून ठेवा आणि नंतरच्या अंतिम कागदाशी ताडून बघा, कुठला कंस सुटला आणि आतलं कोणाचं वाक्य राहिलं ते दिसतं. सगळ्यात जास्त यातूनच कळतं असा माझा अनुभव आहे.

बाली 2013 यासाठी उत्तम उदाहरण. एका बाजूला व्यापार सुलभीकरण करार, म्हणजे बंदरावर, कस्टम्समध्ये माल झटपट सुटावा यासाठीचे नियम. तो पूर्ण बंधनकारक, फेब्रुवारी 2017 पासून लागूही झाला. दुसऱ्या बाजूला अन्नधान्याच्या सरकारी साठ्याबद्दलचा निर्णय, त्यात आधी फक्त तात्पुरतं संरक्षण आणि चार वर्षांत कायमचा तोडगा 'वाटाघाटी करून' शोधू असं आश्वासन. एका पारड्यात करार, दुसऱ्या पारड्यात आश्वासन. भारताच्या हे लक्षात आलं आणि जुलै 2014 मध्ये भारताने सुलभीकरण कराराचा पुढचा टप्पा अडवून धरला, जगभरातून शिव्या खाल्ल्या, पण नोव्हेंबर 2014 मध्ये जनरल कौन्सिलकडून (दोन परिषदांच्या मधल्या काळात निर्णय घेणारं डब्ल्यूटीओचं मंडळ) लेखी घेतलं की कायमचा तोडगा निघेपर्यंत ते संरक्षण चालूच राहील. कायमचा तोडगा 2017 पर्यंत निघायचा होता. त्या वर्षी ब्यूनोस आयर्सला आपल्या कोकणातलेच सुरेश प्रभू वाणिज्यमंत्री म्हणून गेले होते, तिथे काहीही झालं नाही. 2022 ला जिनिव्हात नाही, 2024 ला अबू धाबीतही नाही.

पण बालीच्या सुलभीकरण कराराबद्दल एक चांगली गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण प्रगती कशी दिसते त्याचा तो नमुना आहे. त्यात प्रत्येक विकसनशील देशाने स्वतः ठरवायचं की कुठलं कलम लगेच पाळू, कुठल्याला वेळ लागेल आणि कुठलं बाहेरून पैसे-प्रशिक्षण मिळाल्याशिवाय जमणार नाही, अशा अ, ब, क याद्या करायच्या. क्षमता नाही तोवर बंधन नाही हे पहिल्यांदा करारातच बसवलं गेलं. 'विशेष सवलत' असा शब्द दिसला की या करारासारखी यंत्रणा आहे का ते बघा, नसेल तर ती सवलत कागदावरच राहण्याची शक्यता जास्त.

आकडा दिसला तरी फसू नका. 2005 मध्ये हाँगकाँगला ठरलं की अतिगरीब देशांच्या किमान 97 टक्के वस्तूंना शुल्कमुक्त प्रवेश द्यायचा. ऐकायला जवळजवळ सगळंच वाटतं. पण हे 97 टक्के टॅरिफ यादीतल्या ओळींचे आहेत, व्यापाराचे नाहीत. बांगलादेशासारखा देश मुख्यतः कपडेच विकतो आणि यादीतल्या हजारो ओळींपैकी कपड्यांच्या ओळी उरलेल्या 3 टक्क्यांत आरामात बसवता येतात. अमेरिकेच्या बाजारात बांगलादेशी कपड्यांना शुल्क लागतच राहिलं.

हमीभावाचं गणित एकदा स्वतः करून बघा

हा भाग सोडू नका, कंटाळवाणा वाटला तरी. सरकार जाहीर भावाने माल घेतं तेव्हा त्यातली 'सबसिडी' डब्ल्यूटीओ कशी मोजते? आजचा जाहीर भाव वजा एक संदर्भ भाव, गुणिले पात्र उत्पादन. आणि हा संदर्भ भाव आहे 1986-88 चा जागतिक भाव, गोठवलेला. आज 2020 च्या दशकात हमीभावाची तुलना 1986-88 शी.

समजा एक पीक आहे, आकडे मी सोपे घेतोय. 1986-88 चा संदर्भ भाव टनाला 4,000 रुपये. आजचा हमीभाव 24,000. आज जागतिक बाजारात भाव 26,000, म्हणजे सरकार शेतकऱ्याला जगापेक्षा कमीच देतंय, खरी सबसिडी काहीच नाही. सरकारने खरेदी केली 10 लाख टन. डब्ल्यूटीओचा हिशोब: 24,000 वजा 4,000 म्हणजे 20,000, गुणिले 10 लाख टन, झाले 2,000 कोटी. देशाचं एकूण उत्पादन 50 लाख टन, टनाला 25,000 ने मूल्य 12,500 कोटी, त्याचे 10 टक्के 1,250 कोटी. 2,000 कोटी म्हणजे 16 टक्के, मर्यादा मोडली!

आता यातच दोन भांडणं आहेत. पहिलं, पात्र उत्पादन म्हणजे किती? भारत म्हणतो जेवढं खरेदी केलं तेवढं. अमेरिका म्हणते सगळंच, कारण हमीभाव सगळ्यांना खुला आहे. मग वरच्या उदाहरणात 50 लाख टनाने गुणा, 10,000 कोटी, म्हणजे 80 टक्के. 2018 मध्ये अमेरिकेने भारताच्या तांदूळ, गहू आणि नंतर कापसावरही अशीच प्रति-अधिसूचना (म्हणजे दुसऱ्या देशाच्या सबसिडीचा आपण काढलेला हिशोब) दिली होती, आणि त्यातले अवाढव्य टक्के मुख्यतः याच पद्धतीतून आले होते. दुसरं भांडण चलनाचं. त्या काळी डॉलर साधारण 13 रुपयांना होता, 4,000 रुपये म्हणजे सुमारे 308 डॉलर. तेच 308 डॉलर समजा 84 ने रुपयात आणा, जवळपास 25,900 होतात, आणि 24,000 हमीभाव त्याच्या खाली! म्हणजे हिशोब डॉलरमध्ये केला की सबसिडी गायब, रुपयात केला की 16 किंवा 80 टक्के. शेतकऱ्याच्या हातात पडलेला पैसा तिन्ही वेळा तोच आहे.

भारत डॉलरमध्येच कळवतो, तरीही 2018-19 च्या तांदळात आधार 5 अब्ज डॉलर निघाला, सुमारे 43.67 अब्जांच्या उत्पादनावर 11.46 टक्के. म्हणून 2020 मध्ये भारताने बालीचं ते संरक्षण, ज्याला सगळे पीस क्लॉज म्हणतात, ते पहिल्यांदा वापरलं, असं करणारा पहिला देश. जी-33 (आपल्या शेतीला संरक्षण मागणाऱ्या विकसनशील देशांचा गट) आणि आफ्रिकी गटाची मागणी काय आहे तर संदर्भ भाव अलीकडच्या वर्षांचा घ्या नाहीतर महागाई तरी धरा. इतकी साधी मागणी अडून राहिलीय.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे थांबून लक्ष द्यावं. पीस क्लॉज फक्त पारंपरिक मुख्य अन्नपिकांना आहे आणि डिसेंबर 2013 ला आधीच चालू असलेल्या योजनांनाच आहे. कापूस त्यात नाही. ऊस नाही. ऊसाचं काय झालं ते बघा: 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला केस घेऊन गेले. भारत म्हणाला एफआरपी (ऊसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) सरकार देत नाही, कारखाना देतो, सरकारच्या तिजोरीतून एक रुपया जात नाही, मग ही सबसिडी कशी? डिसेंबर 2021 मध्ये पॅनेलने हे म्हणणं नाकारलं, सरकारने भाव ठरवून दिला एवढं पुरेसं आहे, खरेदी सरकारनेच करायला हवी असं नाही, आणि 2014-15 ते 2018-19 या पाचही हंगामांत भारताने 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडली असा निकाल दिला. कोल्हापूर-सांगलीत दर ऊस परिषदेत एफआरपीवर बोललं जातं, पण हा निकाल तिथे चर्चेत असायला हवा तितका नाही.

मग निकालाचं पुढे काय? भारताने अपील केलं आणि ते तिथेच लटकलंय, कारण डिसेंबर 2019 पासून अपील मंडळच बंद आहे, अमेरिका नवे सदस्य नेमू देत नाही. ऊसाच्या बाबतीत हे आपल्याला सोयीचं पडलं हे खरं. पण उद्या आपण कोणावर केस जिंकलो तर समोरचाही असंच अपील करून बसेल, आणि लहान देशांना तर बड्यांविरुद्ध न्यायमंडळ हेच एक हत्यार होतं. त्यांना वकील परवडावेत म्हणून 2001 पासून जिनिव्हात स्वस्त कायदेशीर सल्ला देणारं केंद्रही आहे. निकालच अंतिम होत नसेल तर त्या सल्ल्याचं तरी काय करायचं?

आयात शुल्कात 'बांधील' आणि 'लागू' हे दोन आकडे वेगळे

हे पटकन सांगतो. प्रत्येक देशाने प्रत्येक वस्तूवर जास्तीत जास्त किती शुल्क लावू ते डब्ल्यूटीओला लिहून दिलंय, तो बांधील दर. प्रत्यक्षात लावतो तो लागू दर. वाटाघाटी होतात बांधील दरावर, आणि बातमी येते लागू दराची. भारताचा शेतमालाचा सरासरी बांधील दर 113.1 टक्के आहे त्यामुळे वाटतं भरपूर जागा आहे. पण पामतेलाला बांधील दर 300 टक्के आणि सोयाबीन तेलाला फक्त 45. लातूर-हिंगोलीतल्या सोयाबीन उत्पादकाने सरकारकडे शुल्क वाढवा म्हणून मागणी करताना हे माहीत असलंच पाहिजे, कारण 45 च्या वर सरकार मनात आणलं तरी सहज जाऊ शकत नाही. आणि 45 पर्यंतही सरकार जात नाही हा मात्र जिनिव्हाचा दोष नाही, तो दिल्लीचा निर्णय आहे, महागाईच्या भीतीने घेतलेला. कुठला अडसर बाहेरचा आणि कुठला घरचा हे वेगळं करता आलं पाहिजे.

बांधील दर कायमचा असतो असंही नाही. दूध पावडर जुन्या काळी आपण शून्यावर बांधून बसलो होतो. 1999-2000 च्या सुमारास गॅटच्या, म्हणजे डब्ल्यूटीओच्या मूळ व्यापार कराराच्या, कलम 28 खाली फेरवाटाघाटी करून तो बदलून घेतला, 10,000 टनांपर्यंत 15 टक्के आणि त्यापुढे 60 टक्के. बदल्यात इतर वस्तूंवर सवलती द्याव्या लागल्या. वाट अवघड आहे पण आहे.

कोण कोणाच्या बाजूने, हे दर विषयाला नव्याने तपासा

'विकसनशील देशांची भूमिका' असं एक काही नसतं. अन्नसाठ्याच्या प्रश्नावर भारत आणि इंडोनेशिया जी-33 मध्ये एकत्र, पण इंडोनेशिया निर्यातदारांच्या केर्न्स गटातही आहे. थायलंड, पाकिस्तान, ब्राझील हेही त्याच गटात. जगातल्या तांदूळ निर्यातीत सुमारे 40 टक्के वाटा भारताचा आहे, आणि थायलंडची तक्रार अशी की तुम्ही गरिबांच्या नावाने साठा करता आणि मग स्वस्त तांदूळ बाहेर विकता, आमचा शेतकरी मरतो. ही तक्रार मला पूर्ण पटत नाही पण ती हसण्यावारी नेण्यासारखीही नाही, आणि उलट्या बाजूने आपण 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा आफ्रिकेतल्या आयातदार देशांना त्याची झळ बसली.

सगळ्यात वाईट वाटतं ते कापसाचं. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी 2003 पासून एकच मागणी लावून धरलीय, की श्रीमंत देशांच्या, मुख्यतः अमेरिकेच्या, कापूस सबसिडीमुळे जागतिक भाव पडतो, ती कापा. 2004 च्या जुलै निर्णयात लिहिलं गेलं की कापसाचा विषय 'महत्त्वाकांक्षेने, त्वरेने आणि विशेषत्वाने' हाताळू. तीन सुंदर क्रियाविशेषणं, आकडा एकही नाही. मधल्या काळात ब्राझीलने त्याच अमेरिकी सबसिडीविरुद्ध केस केली, जिंकली, आणि 2014 च्या तडजोडीत 30 कोटी डॉलर घेतले. त्या केसमध्ये बेनिन आणि चाड त्रयस्थ पक्ष म्हणून हजर होते. त्यांना काही मिळालं नाही. ब्राझीलकडे बदला म्हणून अमेरिकी मालावर आणि पेटंटवर निर्बंध लादायची ताकद होती, बेनिनकडे काय होतं? यवतमाळच्या शेतकऱ्याचा कापूस आणि बेनिनच्या शेतकऱ्याचा कापूस एकाच जागतिक भावाशी बांधलेला आहे, पण आपल्याकडे निदान सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी तरी आहे.

करार झाला असेल तर अटी मोजा

2 ऑक्टोबर 2020 ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने मागणी केली की कोविड काळात लस, औषधं, चाचण्या, उपकरणं सगळ्यांवरचे पेटंट वगैरे हक्क स्थगित करा. जून 2022 ला जे मिळालं ते फक्त लसींपुरतं, फक्त पेटंटपुरतं, पाच वर्षांसाठी, आणि तेव्हा लसींचा तुटवडा संपतच आला होता. औषधं आणि चाचण्यांचं सहा महिन्यांत ठरवू म्हणाले, अबू धाबीपर्यंतही ठरलं नाही. मागणीचा कागद आणि निर्णयाचा कागद शेजारी ठेवून एकेक शब्द खोडत गेलं की किती उरलं ते दिसतं, ही पद्धत कुठल्याही विषयाला वापरा. अटी जास्त असल्या की काय होतं याचा जुना दाखला आहेच: औषधं बनवायची क्षमता नसलेल्या देशांसाठी 2003 मध्ये खास व्यवस्था केली, तिच्याखाली आजवर एकाच देशाला औषध गेलं, कॅनडातून रवांडाला.

मासेमारीचा करार मात्र अजून जिवंत विषय आहे, पालघरपासून सिंधुदुर्ग आणि पुढे गोव्यापर्यंतच्या लोकांनी तो नीट वाचावा. पहिला भाग 2022 मध्ये झाला, 15 सप्टेंबर 2025 ला लागू झाला. त्यात बेकायदा मासेमारी आणि साठा खालावलेल्या जातींच्या मासेमारीला सबसिडी बंद. लागू झाला तो ज्यांनी स्वीकारला त्यांच्यापुरता, तेव्हा भारताने स्वीकारला होता का, हे आधी बघून घ्या: नव्हता. खरी लढाई दुसऱ्या भागाची आहे, जादा बोटी आणि जादा क्षमता वाढवणाऱ्या सबसिडीची, ज्यात डिझेल परतावाही सापडू शकतो. भारताची मागणी विकसनशील देशांना 25 वर्षं मुदत द्या आणि 200 सागरी मैलांबाहेर जाऊन दूरच्या समुद्रात मासेमारी करणाऱ्या देशांनीच उलट 25 वर्षं सबसिडी थांबवावी. समुद्र रिकामा कोणी केला हे बघता मला ती मागणी रास्त वाटते, पण आपल्याकडेही पर्ससीन (घेरणारी मोठी जाळी) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने लहान होडीवाल्याचं काय केलंय हे किनाऱ्यावर कोणालाही विचारा, मुदत मिळाली म्हणजे तो प्रश्न सुटत नाही. या करारात एक अट आहे जी बातम्यांत क्वचितच येते: लागू झाल्यापासून चार वर्षांत दुसरा भाग ठरला नाही तर, जनरल कौन्सिलने वेगळं ठरवलं नाही तर, पहिला करारही आपोआप रद्द. म्हणजे सप्टेंबर 2029. तारीख चुकली तर काय होणार हे इथे लिहिलंय, म्हणूनच या विषयावर पुढची वर्षं खेचाखेची होत राहणार.

परिषद संपल्यावर

मंत्री परत आले, पत्रकार परिषद झाली, तरी काम तिथे संपत नाही. कृषी समितीच्या बैठका वर्षातून अनेकदा होतात, तिथे एक देश दुसऱ्याला लेखी प्रश्न विचारतो आणि ती प्रश्नोत्तरं डब्ल्यूटीओच्या कृषी माहिती प्रणालीवर सगळ्यांना वाचता येतात. भारताच्या नावाने शोधा. आपला हमीभाव, साखर निर्यात, कडधान्याची आयात बंधनं, सगळ्यावर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, युरोप काय विचारतायत आणि आपण काय उत्तर देतोय ते दिसेल. जी/एजी/एन/आयएनडी ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या अधिसूचना म्हणजे भारताने स्वतः दिलेले सबसिडीचे आकडे, वरचं गणित त्यांच्यावर करून बघा. उद्या एखाद्या पिकावर केस आली तर तिची चाहूल या प्रश्नांतच आधी लागते, ऊसाच्या बाबतीतही केसच्या आधीच्या वर्षी, 2018 मध्ये, ऑस्ट्रेलियाने याच समितीत भारताच्या ऊसावर प्रति-अधिसूचना दिली होती.